मनाची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजता येत नाही, तरीही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मे महिन्यात आपल्या नागपुरात कितीतरी माणसं ‘काही करावंसंच वाटत नाही’ म्हणतात, आणि या तक्रारीकडे मनाची ऊर्जा खालावल्याची खूण म्हणून बघायला हवं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलंत, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. मनाच्या ऊर्जेला एकक नाही, ती मोजायचं साधन नाही, मग ती विज्ञानात कशी बसणार? अशा लेखांमुळे ‘ऊर्जा शिबिरं’ भरवणाऱ्यांचं फावतं. ‘प्राण’ वगैरे मध्ये आणून मी सरमिसळ केली. आणि शेवटचं वाक्य, जे मला सगळ्यात जास्त लागलं : ‘आमच्या काळी याला आळस म्हणायचे, आणि त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक होता.’

दोन ओळींत हे आटोपण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसले.

शिबिरांचं आधी सांगून टाकते, कारण तिथे आपलं भांडणच नाही. हात फिरवून, स्फटिक ठेवून, नुसत्या फोटोवरून ‘ऊर्जा’ नीट करून देणाऱ्यांच्या जाहिराती शहरभर दिसतात. अशा एका शिबिराच्या नादी लागून थायरॉइडची गोळी बंद केलेली बाई माझ्यासमोर येऊन बसलेली आहे. त्या धंद्याला माझा विरोध तुमच्याइतकाच आहे. पण ते लोक एक शब्द नासवतात म्हणून ज्या माणसाच्या अंगात खरोखर त्राण उरलेलं नाही त्याचं म्हणणंच खोटं ठरवायचं, हे मला पटत नाही.

आता तुमच्या विषयाकडे वळू. मनाच्या ऊर्जेची ही कल्पना बुवाबाजीतून आलेली नाही. ती भौतिकशास्त्राच्याच दारातून आत आली. १८४७ साली ऊर्जेच्या अक्षय्यतेवर तो प्रसिद्ध निबंध लिहिणारा जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ तेव्हा प्रशियाच्या सैन्यात डॉक्टर होता. स्नायूंचं काम आणि त्यांतून निघणारी उष्णता यांचा अभ्यास करता करता तो त्या विचारापर्यंत पोचला होता. त्याचा मित्र ब्र्यूके पुढे व्हिएन्नात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि ब्र्यूकेच्या प्रयोगशाळेत, पुढे मनोविश्लेषणाचा जनक ठरलेल्या तरुण फ्रॉइडने काही वर्षं काम केलं. शरीरातला सगळा व्यवहार जर भौतिक बलांनीच चालत असेल तर मनाचाही हिशोब मांडता यायला हवा, अशी त्या पिढीची धारणा होती. १८९५ मध्ये फ्रॉइडने तसा प्रयत्न केलाही : चेतापेशींमधून एक राशी वाहते, साठते, मोकळी होते, असं धरून चाललेलं मनाचं गणित. ते त्याने अर्ध्यावर सोडलं आणि हयातीत छापलं नाही. पुढे १९२८ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ युंगने तीच कल्पना वेगळ्या तऱ्हेने मांडली, की एका ठिकाणाहून आटलेली मनाची ऊर्जा दुसरीकडे कुठेतरी वर येतेच. एकक दोघांनाही सापडलं नाही. इथवर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

पण या इतिहासात एक माणूस असा आहे की ज्याच्याविषयी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हान्स बेर्गर. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता वाचला. त्याच दिवशी संध्याकाळी घरून तार : कसा आहेस? बहिणीला दिवसभर वाटत होतं की भावावर काहीतरी संकट आलं आहे. तारेचा मेळ बसला हा योगायोग, असं मी म्हणेन आणि तुम्हीही म्हणाल. बेर्गरला मात्र ते सोडवेना. तो वैद्यकाकडे वळला आणि मनाची ऊर्जा शोधणं हेच त्याने आयुष्याचं काम केलं. जर्मनीतल्या येना इथल्या दवाखान्यात त्याने आधी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, मग मेंदूचं तापमान मोजलं. अन्नातून आलेल्या ऊर्जेपैकी किती उष्णतेत जाते, किती विजेत जाते आणि उरलेली मनाच्या वाट्याला किती येते, हे त्याला काढायचं होतं. हिशोब कधी जुळला नाही. पण त्या खटाटोपात १९२४ मध्ये त्याने माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत्‌लहरी टिपल्या. स्वतःवरच शंका घेत, पुन्हा पुन्हा तपासत, पाच वर्षांनी, १९२९ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. फिट येणाऱ्या माणसाचा आज जो ईईजी काढतात तो त्याच्यामुळे.

बेर्गर मला इतका जवळचा का वाटतो? तो ज्या वस्तूच्या मागे होता ती वस्तू नव्हतीच. पण ‘आत काहीतरी घडतं आहे’ हा त्याचा आग्रह त्याने सोडला नाही, आणि मोजपट्टीही हातातून सोडली नाही. या विषयावर बोलताना दोन्ही गोष्टी लागतात. तुमच्या प्रतिक्रियेत मला फक्त मोजपट्टी दिसली.

तर मग मोजूच. आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण खर्चातला साधारण २० टक्के वाटा तो खातो. म्हणजे सुमारे २० वॅट, दिवसाला ४०० किलोकॅलरीच्या आसपास. तुम्ही म्हणाल, हीच की मनाची ऊर्जा, ज्यूलमध्ये! नाही. कारण अवघड गणित सोडवताना हा खर्च फारच थोडा वाढतो, विश्रांतीच्या तुलनेत ५ टक्क्यांच्याही आत. गणिताचा पेपर देऊन बाहेर आलेला मुलगा आणि तेवढाच वेळ बाहेर कट्ट्यावर बसलेला त्याचा मित्र, दोघांच्या मेंदूने जवळपास सारखंच इंधन जाळलेलं असतं. पेपर देणारा मात्र पार पिळून निघालेला असतो. इंधन संपलं म्हणून थकवा आला, हे स्पष्टीकरण इथेच कोसळतं.

तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा मीच देते. १९९८ मध्ये अमेरिकेत बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग गाजला. ताज्या भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांचा घमघमाट सुटलेल्या खोलीत काही विद्यार्थ्यांना बिस्किटं खाऊ दिली, काहींना फक्त मुळे खायला सांगितलं. मग सगळ्यांना एक कोडं दिलं, जे मुळात सुटणारंच नव्हतं. बिस्किटं खाल्लेले जवळपास १९ मिनिटं झगडले; मन मारून मुळे खाल्लेल्यांनी ८ मिनिटांतच हात टेकले. निष्कर्ष काढला गेला की इच्छाशक्तीचा एक मर्यादित साठा असतो आणि तो वापरला की संपतो. पुढे त्याचा संबंध रक्तातल्या साखरेशी जोडला गेला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, २ हजारांहून जास्त माणसांवर याच कल्पनेची नव्याने परीक्षा घेतली (प्रयोग वेगळा होता, मुळे-बिस्किटं नव्हती), आणि परिणाम शून्याच्या जवळ निघाला. साठ्याची कल्पना टिकत नाही. मागच्या लेखात मी ‘साठा’ म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही.

मग ‘कमी होतं’ ते काय?

इटलीतल्या तोरिनोमध्ये आंजेलो मोस्सो नावाचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. त्याने एक साधं यंत्र केलं : हात पट्ट्याने बांधायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि ठरावीक तालावर बोट वाकवून ते वजन उचलत राहायचं. बोट किती वेळ साथ देतं याची रेघ कागदावर उमटते. त्याच्या एका सहकाऱ्याला विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घ्यायच्या होत्या. परीक्षा घेण्याआधीची रेघ आणि नंतरची रेघ यांत मोठा फरक पडला. दिवसभर प्रश्न विचारून आलेल्या माणसाचं बोट लवकर थांबलं. बोटाने काय केलं होतं दिवसभर? काहीच नाही. मोस्सोने हे १८९१ च्या पुस्तकात लिहिलं आहे. तुम्ही इतकी वर्षं प्रॅक्टिकलच्या परीक्षा घेतल्या असतील. संध्याकाळी घरी आल्यावर जिना चढणं जड गेलं नाही का कधी?

हाच प्रश्न २००९ मध्ये वेल्समधल्या बँगर विद्यापीठात मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी नीट तपासला. १६ माणसं. एका दिवशी ९० मिनिटं सतत लक्ष द्यावं लागेल असं संगणकावरचं काम, दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ माहितीपट बघणं. त्यानंतर दोन्ही दिवशी दम निघेपर्यंत सायकल. माहितीपटानंतर सरासरी ७५४ सेकंद चालवली, डोकं शिणल्यावर ६४०. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट यांत असं काहीही सापडलं नाही की ज्यामुळे लवकर थांबावं. फरक एकच होता : डोकं शिणलेल्या दिवशी तीच सायकल पहिल्यापासून जड वाटत होती, आणि ‘आता बस’ ही रेषा लवकर गाठली गेली.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. २००४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सायकलपटूंना सुमारे तासभराच्या शर्यतीत मधूनमधून पिष्टमय पदार्थाचं द्रावण दिलं, पण फक्त चूळ भरायला. गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. तरीही वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारला. पोटात एक कणही गेला नव्हता. जिभेने मेंदूला कळवलं की अन्न येतं आहे, आणि मेंदूने लगाम थोडा सैल सोडला.

माझं म्हणणं एवढंच आहे, सर. आपल्याला आतून ‘जोर आहे’ किंवा ‘जोर नाही’ असं जे वाटतं तो मेंदूने केलेला अंदाज असतो. या कामाला किती पडेल, त्यातून काय मिळेल, शरीराची स्थिती काय आहे, पुढे काय वाढून ठेवलं आहे, या सगळ्याचा. घर चालवणारी बाई महिनाअखेरीला पैसे संपल्यावर हात आखडत नाही. डब्यात नोटा असतानाच, वीस-बावीस तारखेला आखडते. डब्यात नोटा आहेत म्हणून तिचं आखडणं खोटं होतं का? तिला खोटं ठरवायचं असेल तर तिचा हिशोब चुकला आहे हे आधी दाखवून द्यावं लागेल. २०२२ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांना दिवसभराच्या अवघड बौद्धिक कामानंतर मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन जास्त साचलेलं आढळलं, आणि अशी माणसं झटपट, विनासायास मिळणाऱ्या गोष्टीकडे जास्त झुकत होती. एका अभ्यासावर मी इमारत बांधणार नाही. पण हात आखडण्यामागे खरंखुरं शारीरिक कारण असू शकतं, इतकं त्यातून दिसतं.

आता ‘आळस’.

ओळख पटणार नाही एवढंच सांगते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरायची. दुपारी दोनच्या सुमारास, कूलरसमोरचं टेबल मिळूनही, तिचं एक पान पुढे सरकत नसे. किती वेळा मागे आलो हे कळावं म्हणून ती समासात पेन्सिलने बारीक टिंब करायची. तिने मला पुस्तक उघडून दाखवलं. राज्यव्यवस्थेचं पान होतं, आणि समासात टिंबांची मुंग्यांसारखी रांग. ‘वाचून राहिली मॅडम, पण डोक्यात काही जाऊनच नाही राहिलं.’ घरी वडील म्हणायचे, हिचं मनच नाही अभ्यासात. तीही तेच म्हणायला लागली होती. वरच्या मजल्यावरची खोली, दिवसभर तापलेला स्लॅब, मध्यरात्र उलटेपर्यंत भिंती गरम; झोप चार-साडेचार तास. मी तिला आधी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९ च्याही खाली. गरोदर नसलेल्या बाईला ते १२ तरी हवं.

या मुलीला कोणता उपाय ठाऊक होता, सर? ती रोज स्वतःला शिव्या घालून पुन्हा पानाच्या सुरुवातीला जात होती. इच्छाशक्ती कमी असलेलं माणूस समासात टिंबं करत बसत नाही.

आणि ती एकटी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त निघाल्या. निम्म्याहून जास्त! आपल्या विदर्भात त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर. थायरॉइड, ब-१२ ची कमतरता, मधुमेह, कधी न तपासलेलं नैराश्य. या प्रत्येकाची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते : अंगात जीवच नाही. यंत्रावर काही उमटण्याच्या कितीतरी आधी ती माणसाच्या तोंडून येते. ‘एकक नाही’ म्हणून आपण ती ऐकायचं नाकारलं, तर मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत साधी तपासणी व्हायची तीही होत नाही. ‘आळस’ हे निदान मला म्हणूनच भयंकर वाटतं. ते केलं की पुढचं सगळं विचारणं थांबतं.

तुमच्या एका भीतीत मात्र तथ्य आहे. ‘तुझी ऊर्जा कमी आहे’ असं सांगत राहिलं तर माणूस आणखी गळून बसेल, असं तुम्ही लिहिलंत. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना तसंच काहीसं दिसलं : इच्छाशक्ती वापरली की संपते असं मानणाऱ्यांची कामगिरी अवघड कामानंतर घसरली, तसं न मानणाऱ्यांची घसरली नाही. अंदाज बांधताना मेंदू आपली समजूतही जमेस धरतो, हे माझ्या म्हणण्याशी जुळणारंच आहे. म्हणून मी कुणालाही ‘तुझ्यात ऊर्जा नाही’ असं सांगत नाही. मी विचारते : कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, जेवलीस का, झोपलीस का, पाळीचा त्रास किती, आणि कोणतं काम करताना असं होत नाही? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा. मैत्रिणींत रमणारी पण पुस्तक उघडलं की गळणारी मुलगी, आणि मैत्रिणींत जाणंही सोडलेली मुलगी, यांची कारणं बहुधा वेगळी निघतात.

‘प्राण’ आणल्याबद्दल तुम्ही रागावलात. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातली ती गोष्ट मी मागच्या लेखात मुद्दाम घेतली होती, कारण ती चक्क एका प्रयोगाची आहे. उद्दालक मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की मन अन्नमय आहे. मुलाला ते पटत नाही. बाप वाद घालत नाही. पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तितकं पी, म्हणतो. सोळाव्या दिवशी ऋचा म्हणायला सांगतो. एवढा वेद शिकून आलेल्या मुलाला काही आठवत नाही. ‘आता जेव’, आणि जेवल्यावर विचारलेलं सगळं त्याला येतं. यात सगळं विज्ञान सापडलं असा दावा मी कधी करणार नाही. पण मन शरीरावेगळं नाही, हे सिद्ध करायला बापाने मुलाला उपाशी ठेवून परीक्षा घ्यावी, हे मला थोर वाटतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. डोकं चालत नाही, कशात लक्ष लागत नाही असं ती मुलं सांगत होती. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फारशी घट दिसली नाही. क्षमता शाबूत होती, ती वापरण्याची उभारी गेली होती. नुसत्या बुद्धीच्या चाचण्यांच्या पट्टीने मोजलं तर त्यांच्या मनाला काही झालेलंच नाही असं ठरलं असतं.

जाता जाता तुम्ही नातवाबद्दल विचारलंय : नीटची तयारी करतो, दुपारी पेंगतो, आई ग्लुकोज पाजते, त्याने काही होतं का. निरोगी, वेळेवर जेवणाऱ्या मुलाला अभ्यासासाठी ग्लुकोजची गरज नसते. १९८७ मध्ये रॉबर्ट थेयरने तुलना केली होती : गोड खाऊन तरतरी आली ती तासाभरात उतरली आणि उलट ताण वाढला, १० मिनिटं झपझप चालून आलेली तरतरी जास्त टिकली. अर्थात दुपारी दोनला मेच्या उन्हात त्याला चालायला धाडू नका. पहाटे पाच ते नऊ अवघड विषय, दुपारी जेवून अर्धा तास झोप, उठल्यावर तोंडपाठ करायचं किंवा उजळणीचं हलकं काम, सूर्य कलल्यावर एक चक्कर, मग पुन्हा बसणं. रात्री मोबाइल खोलीबाहेर. पाणी आणि ताक भरपूर. इतकं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर हिमोग्लोबिन, ब-१२ आणि थायरॉइड बघून घ्या. तेही ठीक निघालं आणि तो मित्रांना टाळतो, आवडीचं खाणं नको म्हणतो, स्वतःबद्दल वाईट बोलतो असं दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला उशीर करू नका. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आणि तो पेंगत असताना त्याला काय म्हणायचं, असं विचाराल, तर त्या वेळी काहीच म्हणू नका. संध्याकाळी चक्कर मारायला त्याच्याबरोबर तुम्हीच जा, आणि आज कोणत्या तासाला बरं वाटलं ते विचारा.